खरा आकडा सहा

पुण्याला गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "जपानमध्ये नक्की करता काय?" मी सांगतो, खांब पुसतो. लोक हसतात आणि आमची वैशाली वैतागते. "इंजिनियर आहेत हो ते," असं म्हणत ती सारवासारव करते. पण माझ्या नोकरीचं याहून खरं वर्णन मला अजून सापडलेलं नाही. मागच्या वर्षी मार्चमध्ये निवृत्त झालो. आता दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झालाय, तर खांबांबद्दलच लिहितो. त्यातल्या एका खांबाबद्दल मी घरातही धड बोललेलो नाही.

आलो होतो सगळ्यांसारखाच, सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर. टोकियोच्या फुनाबोरीत घर, बँकेचं काम, शनिवारी इंडियन स्टोअरमधून तूरडाळ. त्या बँकेच्या कामाला इतका कंटाळलो की त्सुकुबातल्या एका छोट्या कंपनीत नोकरी धरली. ही कंपनी डोंगरातल्या रस्त्यांवर बर्फ मोजणारे खांब उभारते. मी तिथे प्रोग्रॅम लिहायला गेलो. पण कंपनी छोटी असली की ज्याने प्रोग्रॅम लिहिला तोच फावडं घेऊन डोंगरातही जातो.

बाहेरच्यांना आधी हे सांगायला हवं की जपानला हिवाळे दोन असतात. आमच्या त्सुकुबाच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत लख्ख ऊन, कोरडी हवा, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे दोन तासांत खडखडीत. आणि मधली डोंगररांग ओलांडली की पलीकडे माणूसभर बर्फ. सायबेरियाकडून थंड वारं निघतं, समुद्रावरून येताना वाफ उचलतं, डोंगराला अडतं आणि ती सगळी वाफ पांढरी होऊन त्या बाजूच्या गावांवर पडते. गावांमधले रस्ते तरीही चालू ठेवावे लागतात, कारण शाळा, दवाखाने, दुधाच्या गाड्या बर्फासाठी थांबत नाहीत.

मग बर्फ काढणारी गाडी कधी बाहेर काढायची हे ठरवायचं कोणी? आकड्याने. रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब, त्याला वर एक आडवा हात आणि हाताच्या टोकाला खाली बघणारा डोळा. डोळा जमिनीपर्यंतचं अंतर मोजतो. बर्फ साचला की अंतर कमी होतं, जेवढं कमी झालं तेवढा बर्फ. दर तासाला हा आकडा रस्त्याच्या कचेरीत जातो आणि लोकांना फोनवरही दिसतो. नवा बर्फ दहा सेंटिमीटर झाला की गाडी निघते. त्या गाड्या चालवणारे आसपासचे भातशेतीवाले आणि बांधकामवाले असतात. बहुतेक जण साठीच्या पुढचे, आणि त्यांना उगाच उठवलेलं अजिबात आवडत नाही.

गाडी चालवण्याबद्दल माझी किती फजिती झाली ते विचारू नका. पहिल्याच हिवाळ्यात डोंगरातल्या एका खानावळीसमोर चढावर गाडी लावली आणि पुण्यात शिकलेला माणूस जे करतो ते केलं, हँडब्रेक करकचून ओढला. सकाळी ब्रेक गोठून बसला होता. गाडी पुढेही जाईना, मागेही जाईना. खानावळीच्या मालकाने किटलीतून कोमट पाणी ओतत मला विचारलं की तुमच्या देशात गाडीवर विश्वास ठेवत नाहीत का. तेव्हापासून थंडीत मी हँडब्रेक न ओढता गाडी नुसती गिअरमध्ये ठेवून उतरतो आणि पुण्याला आलो की हँडब्रेकबरोबर गिअरही विसरतो. मेहुण्याची गाडी एकदा त्यापायी सोसायटीच्या गेटपर्यंत घरंगळत गेली.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. गरम पाण्याच्या झऱ्याजवळ हॉटेल चालवणारे एक गृहस्थ दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या खांबाखालचा बर्फ स्वतः उपसून टाकायचे. आकडा मोठा दिसला की टोकियोचे पाहुणे बुकिंग रद्द करतात, म्हणून. आम्हाला वाटायचं दर शुक्रवारी खांब बिघडतो. मी दोन महिने प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. आणि पुढे काही वर्षांनी, जानेवारी उलटला तरी डोंगर काळाच राहिला, तेव्हा दुसऱ्या गावातल्या स्कीच्या मैदानाचे मालक ट्रकमधून बर्फ आणून खांबाखाली ओतताना सापडले. त्यांनी मला बघून टोपी काढली आणि कमरेत वाकले. त्यांना रागवायचं मला जिवावर आलं. त्या वर्षी त्यांच्याकडे कोणीच फिरकलं नव्हतं.

हे बदलत चाललंय ते आम्हा खांबवाल्यांना बातम्यांच्या आधी कळत होतं. लोकांना वाटतं जग तापतंय म्हणजे बर्फ संपणार. तसं सरळ नसतं. समुद्र जास्त गरम राहिला की वाफ जास्त उठते. मग आठवडेच्या आठवडे नुसता पाऊस पडतो, आणि एखाद्या दिवशी थंड वारं नेमकं एका पट्ट्यात घुसलं की महिन्याचा बर्फ एका दिवसात पडतो. त्याच्या शेजारच्या दरीत तेव्हा ऊन असतं. हे सगळं मी कितीतरी सभांमध्ये चित्रं दाखवून समजावून सांगितलेलं आहे. मला ते तोंडपाठ होतं.

आता त्या प्रोग्रॅमकडे येतो. एका ऑक्टोबरात स्वच्छ हवेत कचेरीच्या पडद्यावर अचानक बेचाळीस सेंटिमीटर बर्फ दिसला. पहाटे गाडी निघाली, घाटात पोहोचली, तर कोरडा रस्ता. एका कोळ्याने खांबाच्या डोळ्यासमोर जाळं विणलं होतं. रस्त्याच्या कचेरीत कोमात्सु-सान नावाचे प्रमुख होते, अबोल माणूस. खांब येण्याआधीच्या काळात ते स्वतः खुणा केलेली बांबूची काठी घेऊन बर्फ मोजत फिरायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाले की काठीवर कोळी बसला तर आम्ही त्याला झटकायचो. पुढची दोन वर्षं गाड्या चालवणारे मला कोळीवाले म्हणत होते.

मला झोंबलं ते. मी त्या खांबाची जुनी सगळी मोजमापं काढून बसलो. त्या घाटात एका तासात सर्वांत जास्त बर्फ किती वाढला ते पाहिलं. आठ. त्यात दोन मिळवले आणि नियम लिहिला: नवा आकडा शेवटच्या भरवशाच्या आकड्यापेक्षा दहाने जास्त असेल तर तो खोटा समजायचा, फेकून द्यायचा आणि आधीचाच दाखवत राहायचं. कोमात्सु-सानना विचारलं, तासाला दहाच्या वर कधी बघितलाय का? ते म्हणाले, या घाटात जन्म गेला, नाही बघितला. कागदावर त्यांचा शिक्का, आमच्या साहेबांचा शिक्का आणि माझा. कोळी, पानं, कावळे सगळे बंद झाले. गाडीवाल्यांना उगाच हाक एकदाही गेली नाही. मला त्या नियमाचा फार अभिमान होता.

चार हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा पहिला पंधरवडा, मंगळवार. खरा बर्फ सुरू होण्याआधी खांबांचे डोळे पुसायचे म्हणून मी एकटाच कंपनीची गाडी घेऊन निघालो होतो. हवामानाचा अंदाज होता पाऊस, उंचावर थोडा बर्फ. घाट चढायला लागलो तेव्हा साडेनऊ झाले होते. दहा वाजता फोनवर सात नंबरच्या, म्हणजे त्याच कोळ्याच्या खांबाचा आकडा सहा होता आणि बाहेरही तेवढाच बर्फ दिसत होता. पावणेअकराला पुढच्या वळणावर एक लांबलचक ट्रक चढावर फिरला आणि आडवा झाला. त्याच्यामागे गाड्या थांबल्या. मी थांबलो तिथून सात नंबरचा खांब पन्नास पावलांवर होता.

माझ्यामागे एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यामागे रस्ता मोकळा होता. त्या गाडीतून पन्नाशीचा एक माणूस उतरून माझ्या खिडकीशी आला. वातानाबे-सान, घाटाच्या अलीकडच्या गावातला भातशेतीवाला. गाडीत त्याची आई होती, ऐंशी उलटलेली. तिला आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, घाटापलीकडे खालच्या शहरात डायलिसिसला न्यावं लागायचं. शनिवारनंतर थेट मंगळवार, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब अंतर, आणि मंगळवार चुकवून चालणार नव्हतं. एक वाजताची वेळ होती. त्याच्या मनात होतं की मागे मोकळं आहे तोवर वळावं आणि नदीकाठच्या जुन्या रस्त्याने लांबून शहर गाठावं. तास-दीड तास जास्त लागला असता, पण पोहोचला असता. माझ्या गाडीवरचं कंपनीचं नाव बघून त्याने विचारलं, तुम्ही रस्त्याचे लोक आहात का, तुम्हाला काय वाटतं?

मी फुशारलो. खिशातलं ओळखपत्र काढून दाखवलं. तो पुढचा खांब माझा आहे असं सांगितलं. फोन काढला. अकराचा आकडा नुकताच आला होता: सहा. दहालाही सहाच होता.

त्याने खाली आपल्या बुटांकडे बघितलं. बर्फ घोट्याच्या वर होता. "इथे जास्त वाटतोय," तो म्हणाला.

"वाऱ्याने उडून इथे साचलाय," मी म्हणालो. "मोकळ्या जागेत वाढलेला नाही. खरा आकडा सहा. अर्ध्या तासात ट्रक ओढतील."

तो गाडीपाशी गेला, खिडकीतून आईशी बोलला आणि आत बसला. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्यामागे सात-आठ गाड्या येऊन उभ्या राहिल्या. आता वळायला जागा नव्हती.

बाराचा आकडाही सहा आला. मी काचेतून बाहेर बघत होतो आणि फोनकडे बघत होतो, आणि खरं सांगतो, त्यातल्या फोनवरच माझा विश्वास होता. वाऱ्याने साचलेला बर्फ इतका सपाट कसा, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की डोळ्यांनी बर्फ मोजू नका, डोळे फसवतात.

साडेबाराला दार उघडायला गेलो तर उघडेना. ढकलून, रेटून बाहेर पडलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. तेव्हा कुठे मनात शंका आली, तीही अशी की खांबाच्या डोळ्यावर बर्फ गोठला असेल. त्या पन्नास पावलांना पाव तास लागला. शिडीच्या पायऱ्या चढून हाताने डोळा चाचपला. स्वच्छ होता. खाली उतरून पेटी उघडली, लॅपटॉप जोडला. पडद्यावर दोन रकाने असतात: डोळ्याने पाहिलेला आकडा आणि कचेरीत पाठवलेला आकडा. अकरा वाजता पाहिले एकोणीस, पाठवले सहा. बाराला पाहिले चौतीस, पाठवले सहा. मी बघत असतानाच एकचा आकडा आला. पाहिले सत्तेचाळीस, पाठवले सहा.

  खांब तीन तास खरं बोलत होता आणि माझा नियम त्याला गप्प बसवत होता. आणि दर तासाला बर्फ वाढेल तसा तो सहापासून आणखी लांब जात होता, म्हणजे माझ्या नियमाच्या दृष्टीने आणखी खोटा ठरत होता. संध्याकाळपर्यंत दोन मीटर बर्फ पडला असता तरी कचेरीत सहाच दिसलं असतं. कोळ्याला पकडायला लिहिलेल्या त्या चार ओळींमध्ये हे कधीतरी होऊ शकेल, हे मला सुचलंच नव्हतं. बर्फ असा पडतच नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

त्सुकुबाला ओगावा-सानला फोन लावला. माझ्या हाताखालची हुशार मुलगी. म्हटलं, सात नंबरचा नियम आत्ताच्या आत्ता काढ. ती अगदी नम्रपणे म्हणाली की चालू यंत्रणेतला नियम काढायला तीन शिक्के लागतात आणि साहेब बैठकीत आहेत. ही शिक्क्यांची पद्धतही मीच घालून दिलेली होती. डोंगरातून कोणी घाईत फोन करून काहीबाही बदलू नये, म्हणून.

मग कोमात्सु-सानना लावला. त्यांच्याकडे सगळीकडून फोन वाजत होते. घाटातला कॅमेरा केव्हाच बर्फाने माखून पांढरा झाला होता. गाड्या त्यांनी शेजारच्या दरीत पाठवल्या होत्या, कारण तिथला आकडा चौदा होता आणि आमच्या घाटातला सहा. मी एका दमात सांगितलं. 

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "हे खांब म्हणतोय की तुम्ही म्हणताय?"

"मी म्हणतोय. गुडघ्याच्या वर आत उभा आहे."

"मग लिहून घेतो."

पडद्यावर सहा दिसत असताना त्यांनी वहीत हाताने सत्तेचाळीस लिहिलं, सही केली आणि दोन गाड्या वळवल्या. नियमात हे बसत नव्हतं. पण आता नुसत्या गाड्या पाठवून भागणार नव्हतं. अकरा वाजता एक फेरी मारली असती तर काम झालं असतं. आता रस्त्यात उभी असलेली एकेक गाडी खणून, ओढून बाजूला घेत वर यायला हवं होतं.

परत येऊन मी वातानाबे-सानला सांगितलं की मदत निघाली आहे, पण वेळ लागेल. आकडा चुकला होता एवढंच सांगितलं. का चुकला ते सांगितलं नाही.  त्याने माझ्या हातातलं फावडं मागून घेतलं आणि गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरची नळी मोकळी करायला लागला. ती बर्फात बुजली आणि इंजिन चालू असलं की धूर आत शिरतो आणि माणसं झोपल्यासारखी बसल्या जागी मरतात. इंजिन बंद करावं तर आजीबाई गारठणार. मग आम्ही दोघांनी आळीपाळीने दर पंधरा मिनिटांनी नळी उपसायची असं ठरलं.

रांगेतले लोक एव्हाना एकमेकांना काय काय वाटत होते. कोणी बिस्किटं, कोणी भाताचे गोळे, कोणी थर्मासमधला चहा. माझ्याकडे वैशालीने दिलेले मेथीचे ठेपले होते. मी काच ठोठावून आजीबाईंपुढे डबा धरला. त्यांनी हसून मान हलवली. मीठ चालत नाही. मग पाणी दिलं. तेही नको. मुलाने सांगितलं की डायलिसिस होईपर्यंत जे पोटात जाईल ते अंगातच राहणार, प्यायलेलं पाणीसुद्धा छातीत चढतं. तिथे सगळ्यांकडे काही ना काही देण्यासारखं होतं आणि त्यांना घेण्यासारखं एकही नव्हतं. त्यांना फक्त खाली जायला हवं होतं, आणि ते त्यांना सकाळी जमलं असतं.

तीनच्या सुमाराला त्यांना मागे टेकून बसवेना. पुढे वाकून, डॅशबोर्डवर हात ठेवून बसल्या. चारला त्यांच्या श्वासाचा आवाज बंद काचेतून ऐकू यायला लागला. रुग्णवाहिकेला फोन झाला होता, ती घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबली होती. वातानाबे-सान दर थोड्या वेळाने मला विचारत होता, आता कुठपर्यंत आले? मी कोमात्सु-सानना विचारून सांगत होतो. तिसरं वळण. दुसरं वळण. मी पुरता घाबरलो होतो. दर वेळी मला वाटायचं की आता हा विचारेल, तुमचा आकडा चुकला कसा? तो विचारत नव्हता, आणि मी उपसत होतो. हाताला फोड येऊन फुटले. मला त्याचं बरंच वाटत होतं.

सहा वाजता पिवळे दिवे दिसले. पहिल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी कोमात्सु-सान स्वतः बसून आले होते. वातानाबे-सानने आईला पाठीवर घेतलं, मी मागून धरलं, आणि आम्ही तिला त्या उंच केबिनमध्ये चढवलं. आजीबाईंचे ओठ निळे पडले होते. गाडी तशीच मागे मागे घाट उतरली.

त्या वाचल्या. छातीत पाणी झालं होतं. तीन आठवडे दवाखान्यात होत्या. तोवर शेतात स्वतः चालत जाणाऱ्या बाई त्यानंतर चाकाच्या खुर्चीत आल्या.

चौकशी झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळे गडद सुटात. अहवालात एक शब्द होता, सोतेइगाई. आपण धरून चाललो होतो त्याच्या बाहेरचं काहीतरी घडलं, असा त्याचा अर्थ. जपानी कचेरीत हा शब्द आला की कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही. सगळे वाकले, मीही वाकलो. मला कोणीतरी खडसावायला हवं होतं. कोणी खडसावलं नाही. उलट दुरुस्तीचं काम माझ्याकडेच आलं आणि मी दहाच्या जागी पंचवीस लिहिले. पंचवीसच का, ते मला आजही सांगता येणार नाही. जुनी मोजमापं उघडून बसलो होतो, पण ती आता दुसऱ्याच कुठल्या तरी डोंगराची वाटायला लागली होती.

अहवालात एक गोष्ट नव्हती. अकरा वाजता एका माणसाने मागे वळायचं ठरवलं होतं आणि मी त्याला थांबवलं, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं.

पुढच्या शरद ऋतूत घरी एक खोकं आलं. त्यात नव्या तांदळाची दहा किलोची पिशवी आणि चिठ्ठी: त्या दिवशी आईसाठी इतकं खणलंत, त्याबद्दल. वातानाबे. वैशालीने हौसेने वरणभात केला. तांदूळ मऊ, गोडसर, सुरेख होता. मी दोन घासांत ताट सारलं. तिला वाटलं मला ताप येतोय. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा खोकं. मग पुन्हा. मी दर वेळी आभाराचं पत्र लिहायचो आणि दर वेळी त्यात ते एक वाक्य घालायचं राहायचं.

गेल्या नोव्हेंबरात, निवृत्त होऊन आठ महिने झाल्यावर, मी एकटाच त्या गावी गेलो. ऊन इतकं होतं की वाटेत स्वेटर काढून मागच्या सीटवर टाकला. वातानाबे-सान अंगणात अर्ध्या बाहीच्या शर्टात होता. आजीबाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. चहा आला. मी गुडघ्यांवर बसलो आणि सांगून टाकलं. तो आकडा यंत्राने चुकवला नव्हता. एवढा बर्फ पडूच शकत नाही हा नियम मी लिहिला होता. तुम्ही वळणार होतात, मी वळू दिलं नाही. डोकं चटईला टेकवलं.

 वातानाबे-सानने चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. आजीबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी मुलाला विचारलं, काय म्हणतोय हा? त्याने त्यांच्या कानाशी जाऊन सगळं मोठ्याने सांगितलं, एकेक वाक्य. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते आणखी वाईट वाटलं.

आजीबाई म्हणाल्या की त्या दिवशी मुलगा वळायलाच निघाला होता, थांब असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं. खांबवाला माणूस सांगतोय तर खरं असेल, असं त्यांना वाटलं. आणि इतक्या वर्षांत डिसेंबरात असा बर्फ त्यांनीही कधी बघितला नव्हता.

मला वाटलं होतं की हे बोलून टाकलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट मी आणखीच हादरलो, कारण आता मला त्या बाईंकडे बघून हे दिसत होतं की ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनाही माहीत नव्हतं.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्या दिवसानंतर आजीबाई दर हिवाळ्यात खाली शहरात, दवाखान्याजवळ राहणाऱ्या मुलीकडे जाऊन राहतात. आजवर नवं वर्ष घरी करून जानेवारीत जात होत्या. घर सोडवत नाही या वयात, जेवढे दिवस इथे मिळतील तेवढे हवेत. पण आता पूर्वीसारखं कळत नाही.

"तुम्ही आयुष्यभर हेच काम केलंत," त्या म्हणाल्या. "तर यंदा मी कधी जाऊ ते सांगा."

मी बाहेर बघितलं. निळं आभाळ होतं, अंगणातल्या झाडावर केशरी फळं होती, दोरीवर चादरी वाळत होत्या. डोक्यात सगळी मोजमापं, सगळे आलेख एकदा फिरून आले आणि त्यातलं एकही बोलायच्या उपयोगाचं नव्हतं.

"आज," मी म्हणालो.

वातानाबे-सान हसला. त्याने आपल्या उघड्या हातांकडे बोट दाखवलं. आजीबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मुलाला बॅग काढायला सांगितली.